बिडाची टिटवी

योगिनीने वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि टिटवीच्या मानेला रॉड टेकवला. ठिणग्या पत्र्याच्या भिंतीवर उडाल्या. मागे उभ्या असलेल्या पुष्पांजलीने सवयीने तोंड फिरवलं.

मान जुन्या सळईची होती, पंख बोथट विळ्यांचे आणि छाती कडबाकुट्टीच्या फुटक्या चाकाची. ते चाक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं होतं. बीड जोडायचं तर आधी तापवावं लागतं आणि जोडल्यावर गरम राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यावं लागतं. नाहीतर आकसताना ते तडकतं. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेल्या योगिनीला हे ठाऊक होतं. आज तिने चाक तापवलं नव्हतं. काच वर करून तिने टिटवी उचलली आणि शेडच्या दारात, वाऱ्यावर ठेवली.

अमडापूरच्या या शेडमध्ये आधी ती एकटीच काम करायची. खिडक्यांच्या जाळ्या करून उरलेल्या वेळात तिने भंगारातून बैलजोडी घडवली होती. दोन्ही बैल सारखे, चारही शिंगं एका मापाची. मग पुष्पांजली धाकटी जाऊ होऊन घरात आली. तिला वेल्डिंग येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. ती भंगाराच्या ढिगाशी बसून तुकडे जमिनीवर मांडायची, सरकवायची, आणि एकाएकी तिथून काहीतरी मान वळवून बघायला लागायचं. योगिनी जोडून द्यायची.

चिखली रस्त्यावरचे रोपवाटिकेवाले पंजाबराव काल फाटकासाठी काही मिळतं का ते बघायला आले होते. हातातली पिशवी त्यांनी बैलाच्या पाठीवर ठेवली आणि जमिनीवर मांडलेल्या टिटवीसमोर उकिडवे बसले.

"हे कोणाच्या डोक्यातून निंघालं?"

योगिनीने जावेकडे बोट केलं. त्यानंतर ते जे बोलले, ते पुष्पांजलीशीच. खाली पाटीवर तिचं नाव टाकू म्हणाले. उद्या संध्याकाळी गाडी घेऊन येतो म्हणाले. जाताना बैलावरची पिशवी तेवढी उचलली.

दोघी चहाला बसल्या. सासूबाई सकाळपासून शेजारणींना टिटवीचं सांगत फिरताहेत, असं पुष्पांजली हसत सांगत होती. योगिनीने चहा बशीत ओतला. दाराकडे तिची पाठ होती.

मागून टण् असा बारीक आवाज आला.

"पत्रा तापला वाट्टे," पुष्पांजली म्हणाली.

योगिनीने बशी रिकामी केली आणि दाराशी गेली. जोडाच्या कडेने केसाएवढी भेग छातीत उतरली होती. रंग लावला की दिसणार नव्हती. फाटकावर काही दिवस वारा खाल्ला की मान खाली येणार होती. हे चित्र कालपासून तिच्या डोळ्यांसमोर होतं. आता त्यात माणसंही दिसू लागली. तुटलेली मान हातात घेऊन पंजाबराव गिऱ्हाइकांना सांगत होते, पक्षी लय सुंदर केला होता त्या धाकटीनं, जोडच कच्चा निंघाला.

तिने भेगेवर अंगठा ठेवला. चटका बसला तरी लगेच उचलला नाही.

"चूल पेटव," ती म्हणाली. "पुन्हा जोडतो."

पुष्पांजलीने चुलीतले निखारे फुंकून जाळ केला. जुना जोड घासून काढून योगिनीने छाती जाळावर धरली, बिडाचा वेगळा रॉड काढला आणि थांबत थांबत, थोडं थोडं जोडत गेली. एवढा स्वच्छ जोड तिने आपल्या बैलांनाही दिला नव्हता.

"आता राख लागन," काच वर करत ती म्हणाली.

पुष्पांजली घमेलं घेऊन उभीच होती. राख मैद्यासारखी बारीक होती, त्यात कोळशाचा एक खडा नव्हता. वरून धग येत होती.

"एवढी कवा चाळली?"

"सकाळीच. मागं बीड जोडलं तवा तुम्ही मांगतली होती न, ताई. गरम राहावं म्हणून चुलीच्या कडेले ठेवली होती." पुष्पांजलीने घमेलं खाली ठेवलं. "तुम्ही मांगतलीच नाही."

योगिनीने तिच्याकडे पाहिलं. पुष्पांजली खाली वाकून राखेत खळगा करत होती, बरोबर टिटवीच्या छातीएवढा.

योगिनीने टिटवी त्यात ठेवली आणि राख लोटायला तिला जागा देऊन बाजूला सरकली.