दोघींचं जुळलं, पण तिसरी कुठंय?

मित्रांनो, माझ्यावर तळहात फिरवून बघा. काय लागलं? काहीच नाही ना? ते 'काहीच नाही' करायला दोन माणसांना सात महिने लागले होते.

मी बिडाची प्लेट आहे. कारखान्यात मला सरफेस प्लेट म्हणतात. लांबी तीन फूट, रुंदी दोन फूट, वजन पाव टनाच्या आसपास. मला चाक नाही, दांडा नाही, बटण नाही. माझं काम एकच, सपाट असणं. यंत्राचा एखादा भाग सपाट झाला की नाही, हे तो माझ्यावर ठेवून बघतात. हसू नका. जगात खरोखर सपाट अशा वस्तू फार थोड्या आहेत. तुमच्या घरातली फरशी आणि शाळेतला फळा माझ्यासमोर आणा, दोघांची पंचाईत होईल.

माझा जन्म नाशिकचा, अंबडच्या वाटेवरच्या एका सरकारी पंप कारखान्यातला. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. ओतून झाल्यावर आम्हा तिघी बहिणींना वर्षभर उघड्यावर ठेवलं होतं. ऊन खा, थंडी खा, अंगातला ताण जाऊ दे. मुरल्याशिवाय बीड सरळ राहत नाही. मग एका मदतनिसाला घेऊन गंगाधरमामा आले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे फिटर होते. त्यांनी एकीला निळा रंग अगदी पातळ फासला, दुसरीला तिच्यावर घासलं, आणि जिथे रंग लागला तो उंचवटा हाताने खरवडला. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. दर खेपेला बहिणींची जोडी बदलली, महिने गेले, मामांचा हात थांबला नाही. मला आजही नवल वाटतं. यंत्रांना सरळ करणारी यंत्रं असतात, पण सगळ्यांत पहिला सपाटपणा माणसाच्या मनगटातूनच आला.

आणि तिघी कशाला? मामा नव्या पोरांना सांगायचे, "दोघी जुळल्या म्हणून हुरळू नका. एक खोलगट आन् दुसरी फुगीर आसली तरी बशीवर बशी बसावी तशा बसत्यात. तिघींतल्या कोन्त्याबी दोघी जुळल्या, तरच तिघी खऱ्या."

पुढची वीस वर्षं मी काय काय अंगावर घेतलं! वाळवंटातल्या गावांचे पंप, डोंगरावरच्या लष्करी ठाण्यांचे पंप. कुठून तरी अकराच पंपांची मागणी यायची. खाजगी कारखानदार म्हणायचे, अकरासाठी साचा कोण बनवणार? आम्ही बनवायचो. ज्या गावाचं नाव मला उच्चारता येत नाही, तिथे कुणीतरी हंडा भरत असेल आणि त्या पाण्याखाली कुठेतरी माझा सपाटपणा असेल, या विचाराने माझं बीड शहारायचं. अंबडमध्ये स्वतःचं वर्कशॉप थाटलेले कितीतरी जण माझ्याच काठाशी उभं राहून काम शिकले.

ही झाली जमेची बाजू. आता नावे बाजू, कारण मला खोटं बोलता येत नाही. निदान तेव्हा तसं वाटायचं. पंप कमी झाले तरी हजेरीपटावरची नावं कमी झाली नाहीत. एक दिवा बदलायला पाच सह्या लागत. खुर्चीवर स्वेटर हजर असायचा आणि स्वेटरवाला गोदाघाटावर. बाजारात नव्या तऱ्हेचे पंप आले, आम्ही मात्र जुनाच पंप नवा रंग लावून विकत बसलो. एकदा रंगकामासाठी आम्हाला बाहेर काढलं, तेव्हा तिसरी बहीण परत आलीच नाही. सरकारी वस्तू बाहेर न्यायला एक अर्ज लागतो, आत आणायला तीन.

मग दोन वर्षांपूर्वी सुधारणा आली. सरकारने समिती नेमली. कारखाना तोट्यात होता, तो विकायचाच होता. प्रश्न उरला होता आमच्या मापनकक्षाचा, म्हणजे जिथे वस्तूंची मापं तपासतात त्या खोलीचा. मापं बिनचूक निघाली, तर ही खोली सरकारकडेच ठेवून अंबडच्या लहान वर्कशॉपांना खुली करायची. नाही निघाली, तर आम्ही किलोच्या भावाने भंगारात जाणार आणि खोलीतली सात माणसं घरी जाणार.

त्या सातांत यशश्री होती. देवळाली कॅम्पहून बसने येणारी, कंत्राटावरची तपासनीस. तिने आम्हा दोघींना एकमेकींवर घासलं. रंग सगळीकडे सारखा उमटला. व्यवस्थापक संतोषसाहेबांनी टाळी वाजवली.

"जुळतायत ना? मग करा सही आणि व्हा मोकळ्या."

"सर, पण या दोघीच आहेत."

"मग? नवरा-बायकोही दोघंच असतात. जुळलं की झाला संसार!"

"आणि आपल्या पंपांच्या जोडातून पाणी झिरपतं, ते? इतकी वर्षं आपण रबराच्या चकतीला दोष देतोय. जोडाचे भाग तर यांच्यावरच तपासतो."

"यशश्री, तुझं कंत्राट मार्चला संपतंय," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "जुळतंय ते जुळू दे की."

तिने सही केली नाही. जुनी वही काढली, तीत प्लेटांचे तीन नंबर होते. मग ती अख्खा कारखाना पालथा घालत कॅन्टीनमध्ये पोचली. तिथल्या अनसूयाताईंनी पुऱ्यांच्या ओट्यावर दोन्ही हात पसरले.

"नाय द्यायचा! लय गुणाचा हाय माझा वटा. एक पुरी वाकडी नाय लाटली बावीस वर्सांत."

"ताई, त्याच्यावर माझी नोकरी आहे."

"आत्ता गं बया! मंग आधी न्हाई का सांगायचं? ने, पर मेणकापड माझं हाय."

मेणकापडाखाली माझी बहीण होती. तेल पिऊन पिऊन तकतकीत झालेली, गंजाचा ठिपका नाही. तिला धुऊन पुसून निळा रंग लावला आणि आम्हा दोघींवर एकेकदा टेकवलं. माझ्या फक्त कडा निळ्या झाल्या. दुसरीचा फक्त मधला भाग निळा झाला.

"ही तिसरीच वाकडी!" साहेब म्हणाले. "पुऱ्या लाटून लाटून दुसरं काय होणार?"

"ही वाकडी असती आणि या सपाट असत्या, तर दोघींवर सारखाच डाग पडला असता, सर. इथे एकीच्या कडांना लागलाय, दुसरीच्या मधोमध. वाकड्या या दोघी आहेत."

मित्रांनो, मी खोलगट होते. सगळं काम माझ्या मध्यावरच व्हायचं, तिथे झिजत गेले. केसाच्या निम्म्याएवढी. एवढी वर्षं मी जगाला सरळ-वाकडं ठरवत होते, आणि माझी बहीण मला दुजोरा देत होती.

यशश्रीने गंगाधरमामांना बोलावलं. ते तेव्हा सत्तर वर्षांचे, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी दुसऱ्या बहिणीवर बोटं फिरवली, मग माझ्यावर.

"हिला हिच्या जोडीनं फुगीर कुनी केली, ठाव हाय?" ते म्हणाले. "म्या. रिटायर व्हायच्या आदल्या म्हयन्यात. दुरुस्तीला आली व्हती. तिसरी कुठं गेली म्हनून कॅन्टीनपरेंत चाललो नाय. हिच्याशी जुळवली आन् घरी गेलो."

"मामा, हे मी रिपोर्टमध्ये नाही लिहिणार."

"ल्हिव. माझं नाव ल्हिव. आन् रंगाची डबी आन इकडं."

एकोणीस दिवस ते खरवडत होते. चष्मा काढून ठेवत आणि बोटांनी वाचत. जो उंचवटा यंत्रालाही दाद देत नाही, तो त्यांच्या अंगठ्याला सापडायचा. विसाव्या दिवशी तिघींवर सारखे निळे ठिपके उमटले, पहाटेच्या आभाळात चांदण्या राहाव्यात तसे. अर्ध्या शतकात मी एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच अंगावर होतं.

अहवालात सगळं होतं. पाणी का झिरपलं, चूक कुणाची, ती कशी सापडली, कशी सुधारली. समितीच्या बाईंनी तो दोनदा वाचला.

"स्वतःची चूक लिहून देणारा सरकारी कागद मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा चुकलात तर?"

"चुकूच, मॅडम. म्हणून तर तिसरी परत आणलीय," यशश्री म्हणाली.

मापनकक्ष राहिला. यशश्री राहिली. कारखाना विकला गेला. ज्यांचे स्वेटर हजर असायचे ते गेले, आणि जे खरंच राबायचे तेही गेले. हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही. रोज सकाळी अंबडचे वर्कशॉपवाले आपापले भाग घेऊन दाराशी रांग लावतात, एवढं मात्र खरं.

मला सरकारी म्हणतात, म्हणजे माझे मालक एकशे चाळीस कोटी. त्यातलं आजवर कुणीही मला बघायला आलेलं नाही. आता दर सहा महिन्यांनी आम्हा तिघींना समोरासमोर आणतात. एखाद्या वेळी कुणीतरी साहेब म्हणेलच, "मागच्या वेळी बरोबर होतं की, आता कशाला?" तेव्हा मला तोंड नसणार. मित्रांनो, त्या दिवशी तुम्ही या, आणि रंगाची डबी मागा.