सहा सेकंदांचा श्वास

आमचे हे, म्हणजे निवृत्त सुभेदार हरिहर जगदाळे, दम लागला तरी कबूल करणार नाहीत. इकडे उत्तरेत, तेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. दुसऱ्या मजल्याशी आले की हे थांबतात आणि जिन्यातल्या गुलाबाच्या कुंडीकडे टक लावून बघत बसतात. मी मागे भाजीच्या पिशव्या धरून उभी.

त्यांच्या हृदयाच्या दोन बाजू एका वेळी आवळत नाहीत, मागेपुढे होतात. तीन तारांचा पेसमेकर बसवला तर ठेका जुळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तिसरी तार लावायची ती हृदयाची मागची भिंत जिवंत हवी. जुन्या अटॅकचा व्रण नेमका तिथंच असेल, तर बसवून उपयोग नाही. ते बघायला एमआरआय केला आणि तो वाया गेला.

"आंटी, सब तस्वीरें हिली हुई हैं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंकल साँस नहीं रोक रहे।"

"रोकी थी," हे ताठ मानेनं म्हणाले. "मशीन में गड़बड़ होगी।"

बाहेर आल्यावर माझा पारा चढला. "अहो, दहा सेकंद श्वास धरवत नाही हे सांगायला काय होतं तुम्हाला? पोस्टवरून कुणी असा खोटा रिपोर्ट दिला असता, तर सोडलं असतंत त्याला?"

मी तरी कशाला चिडले होते? घाबरले होते मी. घरात हे नसतील तर भांडू कुणाशी?

पुढच्या गुरुवारी परत बोलावलं. मी दारापर्यंत सोडायला गेले होते. टेबलावर आडवं व्हायच्या आधी हे टेक्निशियनला हळूच म्हणाले, "भैया, दस सेकंड नहीं होता। छह होता है।"

"तो छह-छह में ले लेंगे, अंकल। पहले बता देते।"

एवढंच होतं ते.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "दाग आगे है। पीछे की दीवार अच्छी है। गारंटी नहीं, पर उम्मीद पूरी है।" मी तिथंच रडले, सगळ्यांसमोर.

घरी येताना दुसऱ्या मजल्यावर हे थांबले. गुलाबाकडे बघितलंसुद्धा नाही. कठडा धरून म्हणाले, "लतिका, मी इथं फुलं बघायला थांबत नाही गं. दम लागतो."

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणून तर कुंडी मी इथं आणून ठेवली."