तिसऱ्या रोलातले बाबा

लग्नसराईत रंगीबेरंगी फोटो काढून काढून अड्याळची तृप्ती कंटाळली होती. खरी फोटोग्राफी रोलची, तीही काळी-पांढरी, असं तिच्या मनानं घेतलं आणि तिनं भंडाऱ्याच्या वासुदेवरावांना गुरू केलं. त्यांचा स्टुडिओ कधीच बंद पडलेला. कुणीतरी शिकायला आलं, याच आनंदात त्यांनी आपला जुना कॅमेरा तिच्या हाती दिला.

पहिला रोल कोराच निघाला. फिल्म आत अडकलीच नव्हती. पोरगी दिवसभर नुसतंच बटण दाबत हिंडली होती. दुसऱ्या वेळी तिनं गच्चीवरच्या टाकीच्या तापलेल्या पाण्यात फिल्म धुण्याचं औषध कालवलं, तर फिल्म काळीठिक्कर पडली.

"चहा करून राहिली का?" वासुदेवराव म्हणाले. "औषध थंडं लागते, पोरी. बर्फात ठेव."

तिसऱ्या रोलासाठी तिनं बाबांना, म्हणजे जागेश्वररावांना, दारापाशी बसवलं. चेहऱ्याच्या सावलीकडचा उजेड मोजला.

"हासू नका, हालू नका."

"श्वास तं घेऊ ना वं?"

बर्फ आणला, औषध थंड केलं, न्हाणीघरातल्या दोरीवर फिल्म वाळत घातली. या वेळी बाबा उमटले होते, एकेका सुरकुतीसकट. तृप्तीला आनंद मावेना. तिनं आईच्या मोबाइलच्या पांढऱ्या उजेडावर निगेटिव्ह धरून आपल्या मोबाइलनं टिपली, काळ्याचं पांढरं करून घेतलं आणि फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली गुरूंचे आभार म्हणून जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं आणि ती भांडी धुवायला गेली.

परत येऊन बघते, तर ग्रुपवर श्रद्धांजलीची रांग लागलेली.

"बाबा, लोकायले वाटलं तुम्ही गेले! थांबा, मी सांगते सगळ्यायले."

"सांगशीन मंग. आधी वाचून तं दाखव."

जागेश्वरराव मांडी घालून ऐकत बसले. धाकटा भाऊ भय्याजी शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणापासून बोलत नव्हता. त्यानं लिहिलं होतं, 'देवमाणूस गेला. माझ्या डोक्यावरचं छत्र गेलं.'

"धुरा कोरला तवा नाही आठवलं छत्र?" जागेश्वरराव म्हणाले, पण आवाज ओला झाला. "एवढ्यात सांगू नोको वं. अजून येऊन राहिले."

नको ते झालं. शहापूरच्या विमलाआत्या ऑटोतून उतरल्या त्या रडतच. हातात चहाचा कप घेऊन भाऊच बाहेर आलेला पाहून त्यांचा हंबरडा अर्ध्यात अडकला. मग त्यांनी पिशवीनंच त्याला झोडपलं.

"जित्ता हायेस तं फोन काहून नाही उचलत?"

तेवढ्यात भय्याजी आला. हातात झेंडूचा भलामोठा हार. दारातच थिजला.

"आणलाच हायेस तं आत ये," जागेश्वरराव म्हणाले. "फुलं सुकून राहिली."

भय्याजी आत आला. चहा झाला. धुऱ्याचा विषय कुणीच काढला नाही. भावाला मेला समजून आल्यावर तो काढणार तरी कसा? हार खुंटीला लटकत राहिला.

निघताना भय्याजीनं तृप्तीला हळूच बाजूला घेतलं.

"फोटो मोठा झ्याक निघाला, बेटा. माझाई असाच एक काढून ठेव."

"काढते ना काका. उद्याच या."

"येतो. पण ग्रुपवर नोको टाकू. एवढ्यात तं नोकोच."