मीटरखालचं गवत

"चोक ओढलास का?" आर्डिसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"ओढलाय गं."

"आणि वरचं बटण?"

डेल्मरने दोरीला पुन्हा हिसका दिला. गवत कापायचा तो पेट्रोलवरचा जुना ट्रिमर खोकल्यासारखा एकदा धडधडला आणि गप्प झाला. डेल्मर त्याच्याकडे नुसता बघत उभा राहिला. ओळखीचा चेहरा समोर यावा आणि नाव आठवू नये, तसा. जून महिना होता. नदीकाठच्या पॉप्लरच्या झाडांच्या कापसासारख्या म्हाताऱ्या साऱ्या विस्कॉन्सिनभर सुटल्या होत्या. अंगणातल्या गवतावर, डेल्मरच्या टोपीवर, त्या मुक्या यंत्रावर त्या अलगद येऊन बसत होत्या.

वसंत लागताच आर्डिसने गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली होती. डेल्मर गाडी घेऊन भलत्याच गावी गेला होता आणि पोलिसांनी त्याला घरी आणून सोडलं होतं, त्यानंतर. मुलगी कारीन मिनीआपोलिसहून धावत आली होती. "आता पुन्हा बाबा असे कुठे गेले ना, तर मी तुझं काही ऐकणार नाही, आई," जाताना ती म्हणाली होती. "तिकडे अशांना सांभाळणारी जागा आहे. मी बघून आलेय. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत." माणसं चांगली असतील याबद्दल आर्डिसला शंका नव्हती.

अंगणातलं मोठं गवत शेजारच्या जोलीनचा नवरा जॉन त्याच्या बसून चालवायच्या यंत्राने कापून देई. डेल्मरकडे राहिल्या होत्या त्या फक्त कडा. कुंपणाच्या फळ्यांखाली, झाडांच्या बुंध्यांशी, पायऱ्यांच्या बाजूला, जिथे मोठं यंत्र पोचत नाही तिथलं गवत. त्याही गेल्या असत्या तर सकाळी उठून बूट घालायला त्याला काही कारण उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आर्डिस तो ट्रिमर घेऊन रॉल्फच्या दुकानात गेली. रॉल्फने टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

"यात कोरं पेट्रोल घातलंय, मिसेस हाउगेन. तेल मिसळलेलंच नाही. इंजिन भाजून निघालं." कोणी घातलं ते त्याने विचारलं नाही. गाव लहान होतं. "आता बॅटरीवालाच घ्या. दाबला की सुरू, सोडला की बंद. तेल नको, पेट्रोल नको, हिसके नकोत. हा जरा हातात धरून बघा."

"अगंबाई! झाडूएवढाच हलका की रे."

"मग?"

"त्यात वाईट काय ते पण सांग. विकायला बसलायस म्हणून गोडच बोलू नकोस."

रॉल्फ हसला. "वाईट म्हणजे, जाड रानगवत आलं की दमतो. पाऊण तासात बॅटरी बसते. मग तिला चार्जरला लावा आणि तुम्हीही बसा. जास्तीची बॅटरी घ्यायची म्हटलं तर किंमत ऐकून घेरी येईल. पण तुमच्या अंगणाला हा रग्गड झाला. आणि आवाज म्हणाल तर नाहीच. तुम्ही बाजूला खुर्ची टाकून झोपलात तरी जाग यायची नाही."

डेल्मरला तो आवडला. पहिल्या दिवशी त्याने नुसतंच बटण दाबून सोडून पाहिलं. खाली नायलॉनची तार गरगर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मग तो बुंध्यांभोवती फिरला, पायऱ्यांशी वाकला. पूर्वी काम झाल्यावर तासभर त्याचे हात थरथरत. आता ते स्थिर होते. कपड्यांना धुराचा वास नव्हता. दोघांनी घराबाहेरच्या ओट्यावर बसून चीज आणि पाव खाल्ला आणि डेल्मर म्हणाला, "बरं यंत्र आहे." कित्येक दिवसांत त्याने आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य होतं.

एक गोष्ट मात्र आर्डिसला हळूहळू उमगली. पीठ मळताना, चादरी घडी करताना, जुन्या यंत्राच्या आवाजावरून तिला डेल्मर कुठे आहे ते कळायचं. आता गॅरेजमागे आहे, आता सफरचंदाच्या झाडाशी आला. आवाज थांबला की तिचे हातही थांबत आणि ती खिडकीशी जाई. या नव्याचा आवाज म्हणजे मधमाशीची गुणगुण. दार लावलं की संपला. मग ती कामं ओट्यावर आणून करू लागली. त्याला दिसेल अशी नव्हे, तो दिसेल अशी बसू लागली.

त्या रविवारी दुपारी ती परातीत रुबार्बचे आंबट लाल देठ चिरत बसली होती. ऊन उबदार होतं, म्हाताऱ्या तरंगत होत्या, कुंपणाशी ती गुणगुण कधी जवळ येत होती, कधी लांब जात होती. त्या आवाजाच्या झोक्यावर तिचा डोळा लागला.

जागी झाली तेव्हा मांडीवर पांढरा कापूस साचला होता. सुरी हातातच होती. अंगण रिकामं होतं.

"डेल्मर?"

गॅरेजमागे तो नव्हता. तळघरात नव्हता. परात स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून तिने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. पोलिसांना कळवलं की संध्याकाळच्या आत कारीनला कळणार होतं. आणि कारीनला कळलं की...

ती तशीच, घरातल्या चपलांवर बाहेर पडली.

जोलीन कपडे वाळत घालत होती. "अगं, आत्ता तर येऊन गेला," ती तोंडातला चिमटा काढून म्हणाली. "मला वाटलं तूच पाठवलंस. ते बघ, भिंतीशी किती छान करून गेलाय."

जोलीनच्या घराच्या बाजूच्या भिंतीवर विजेचा मीटर होता. बरोबर त्याच्याखाली, एक माणूस उभा राहील एवढ्या जागेतलं गवत अर्धगोलात सफाईने कापलेलं होतं. बाकी कुठे त्याने हातसुद्धा लावला नव्हता.

"जॉनला गाडी काढायला सांगू का?" जोलीनने हळूच विचारलं.

"नको. सापडेल."

पुढच्या घरीही तसंच. मीटर, आणि मीटरखाली कापलेला अर्धगोल. तिसऱ्या घराशी आर्डिस थांबली आणि तिच्या लक्षात आलं. तो कामावर गेला होता.

वीज कंपनीत तो मीटर वाचायचा. उमेदीची सगळी वर्षं तो या गावाच्या परसांतून चालला. मग आपले आकडे आपणच कळवणारे मीटर आले, कंपनीने केक कापला आणि त्याला घरी पाठवलं. घरी आल्यावर तो कामाचं फारसं बोलायचा नाही. काय बोलणार? चाललो, वाचलं, लिहिलं.

आर्डिस जन्मभर या गावात राहिली होती, पण घरांच्या पुढच्या बाजूनेच. आता ती मागून चालली होती. कुठे टोमॅटोची रोपं काठ्यांना बांधलेली, कुठे मुलांचा फुगवायचा हौद, त्यात पाण्यावर कापूस. एका पिंजऱ्यात दोन ससे तिच्याकडे बघत होते. एक म्हातारा कुत्रा उठून तिच्या चपला हुंगून पुन्हा आडवा झाला. कोणी माणूस दिसत नव्हतं, फक्त एका खिडकीतून रेडिओवर चाललेल्या बेसबॉलच्या सामन्याचा आवाज येत होता. तिला वाटलं, आपण अजून ओट्यावरच्या खुर्चीत आहोत आणि हे सगळं झोपेतलं आहे. पण प्रत्येक भिंतीशी तो अर्धगोल होता, आणि ती एकीकडून दुसरीकडे जात राहिली.

मग एका भिंतीला टेकवून ठेवलेला ट्रिमर दिसला. तिने दाबून पाहिला. बॅटरी बसली होती. खालचा अर्धगोल अर्धाच झाला होता.

आता कुठे शोधायचं? पलीकडे रस्ता होता, त्यापलीकडे नदी. ट्रिमर खांद्याला लावून ती पुढच्या घराशी गेली, खरं तर नुसती जायचं म्हणून. मीटरखाली वाकली. तिथलं गवत कापलेलं नव्हतं. हाताने उपटलेलं होतं. मुळांची ओली माती वर आली होती.

आर्डिस भरभर पुढच्या मीटरकडे निघाली.

रस्त्याच्या शेवटच्या पिवळ्या घराशी तो सापडला. मीटरसमोर गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी गवत ओढत. मागच्या दारात एक तरुण बाई बाळाला कडेवर घेऊन उभी होती, दुसऱ्या हातात फोन.

"हे तुमचे का?" ती म्हणाली. "मी आता फोन करणारच होते. काही विचारलं तर बोलत नाहीत. कुत्रा बांधलाय का, एवढंच विचारतात. आमच्याकडे कुत्राच नाही."

"आहे," डेल्मर मान वर न करता म्हणाला. "काळा. मागून येतो."

"आधीच्या लोकांचा असेल," आर्डिस त्या बाईला म्हणाली. "माझे यजमान आहेत. इथल्या वीज कंपनीत होते. तुमची जागा खराब केली असली तर मी—"

त्या बाईने एकदा डेल्मरच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला. "राहू दे. होऊ दे त्यांचं. पाणी आणू का?"

डेल्मर उठला. मीटरच्या काचेवर बसलेली म्हातारी त्याने बोटाने उडवली आणि पडद्यावरचा आकडा मोठ्याने, एकेक अंक तोडून वाचला. मग आर्डिसकडे वळला.

"लिहिलंस?"

त्याच्या डोळ्यांत ती होती, पण ती नव्हती. तिच्याकडे कागद नव्हता, पेन्सिल नव्हती.

"लिहिलं," ती म्हणाली.

"तू नवीन का?"

चल घरी, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. मागच्या वेळी पोलिसांच्या गाडीतून उतरताना तो कसा लहान मुलासारखा रडला होता ते तिला आठवलं.

"हो," ती म्हणाली. "आजच लागले. तुम्ही शिकवा."

"माझ्या मागे मागे ये मग. फाटक उघडलं की लावायचं, विसरायचं नाही. लोकांची पोरं, कोंबड्या बाहेर जातात. कुत्र्याला आधी हाक मारायची. नावाने मारलीस तर चावत नाही. आणि दोरीवर बायकांचे कपडे असले तर तिकडे बघायचं नाही, मीटरकडे बघायचं."

"बरं."

"आणि कोणी एकटं राहत असलं तर दोन मिनिटं थांबायचं. आकडा वाचून झाला तरी. त्यांना बोलायचं असतं." तो चालू लागला. मग थबकला. "पुढचं घर कुठलं?"

आर्डिसने आपल्या घराच्या दिशेला बोट दाखवलं. "ते, हिरव्या छपराचं."

त्याने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

असे ते परत निघाले, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या परसांतून, एकेक घर घेत. फाटकाची कडी ती काढायची, तो आत जायचा, ती लावून घ्यायची. तो आकडा वाचायचा, ती लिहिलं म्हणायची. गवत वाढलेलं असलं की दोघं दोन बाजूंनी वाकून उपटायची. एका घरी डेल्मर भिंतीशी आकडा वाचून झाल्यावरही उगाच थांबला. "इथे मिसेस स्कॉग," त्याने हळू आवाजात सांगितलं. "मुलगा युद्धात गेला तिचा." मिसेस स्कॉगला जाऊन किती वर्षं झाली होती ते आर्डिसला माहीत होतं. तीही त्याच्या शेजारी थांबली. या माणसाबरोबर आपण संसार केला, पण कामावरचा हा माणूस आपल्याला आज भेटतोय, असं तिला वाटलं. किती नीट वागत होता तो, कोणी बघत नसताना.

ऊन उतरलं होतं. डेल्मर आता पाय ओढत चालत होता. रस्ता ओलांडून तिने जोलीनच्या अंगणातून त्याला अलगद वळवलं आणि त्यांच्याच घराच्या बाजूला, खिडकीखालच्या मीटरशी आणलं.

त्याने आकडा वाचला. मग तो खिडकीतून आत बघत राहिला. टेबलावर परात तशीच होती.

"हे शेवटचं ना?" आर्डिसने विचारलं.

"शेवटचं. इथे जरा थांबायचं," तो म्हणाला. "इथली बाई चांगली आहे. कॉफी विचारते."

आर्डिसने ट्रिमर भिंतीला टेकवला.

"तुम्ही मागच्या दाराशी या," ती म्हणाली. "मी बघते, घरी आहेत का."

ती पुढच्या दाराने आत शिरली. फोन वाजत होता. रविवारचा कारीनचा फोन. आर्डिसने तो वाजू दिला. तिने हात धुतले, नखांतली माती निघेना तेव्हा सोडून दिलं, कॉफीचं पाणी ठेवलं, आरशात न बघताच केसांवरचा कापूस झटकला आणि मागचं दार उघडलं.

डेल्मर एक पायरी खाली उभा होता. टोपी काढून त्याने छातीशी धरली होती.

"मीटर बघून झाला, बाईसाहेब," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे तुमचं."

"आत या ना," आर्डिस म्हणाली. "दमला असाल."

तो लगेच आत आला नाही. पायपुसण्यावर आधी एक बूट, मग दुसरा, तो बराच वेळ पुसत राहिला.