पाच रविवार

दर पावणेपाच हातांवर खूण परत येत होती. वाळलेल्या गाळात सायकलच्या चाकाचा ठसा होता आणि तेवढ्या अंतरावर त्यात तीन आडवे टाके उमटले होते. कस्तुराने भाड्याची सायकल वाळूत आडवी टाकली, वाकून हाताने पुन्हा मोजलं. टाके ओळखीचे होते. होळीच्या आधी नवऱ्याच्या सायकलचा मागचा टायर खिळ्याने फाटला, तेव्हा मंगरूळच्या दुकानदाराने तो तिच्यासमोरच मेणदोऱ्याने शिवला होता.

तिने मागे वळून पाहिलं. नवरा, पंजाबराव, धोतर गुडघ्यांवर खोचून, सायकल खांद्यावर घेऊन अजून नदीच्या धारेतच होता. म्हणजे हा ठसा आजचा नव्हता.

आणि तो तर इथे कधीच आला नव्हता. निदान त्याने तसं सांगितलं होतं.

उन्हाळ्यात अडाण नदी दोन धारांत फाटते आणि मधलं बेट उघडं पडतं. तिथे टरबुजांच्या वाड्या लागतात. मोटारीचं सोडा, बैलांची हलकी रेंगीसुद्धा चाकाच्या आसापर्यंत रुतते. सायकल मात्र खांद्यावरून पलीकडे नेता येते. ती शिकवायची त्या शाळेतल्या मुलींकडून हे ऐकल्यापासून कस्तुराला ते बेट पाहायचं होतं. पंजाबरावने आधी उन्हाचं कारण काढलं, मग अंतराचं. शेवटी, मी एकटी जाऊन येतो, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने साखळीला तेल दिलं.

ती पाण्यापासून वर चालत गेली. ठसा एक नव्हता. पाणी आठवड्याला चार-पाच पावलं मागे सरत होतं आणि दर वेळी ओल्या गाळाचा नवा पट्टा उघडा पडत होता. त्या त्या वेळच्या पट्ट्यात एकेक ठसा वाळून राहिला होता. पाण्याजवळचा अजून मऊ होता. सगळ्यात वरच्याला भेगा पडल्या होत्या. तिने मोजले. पाच.

पाच रविवार तो शेलूबाजारला मित्राकडे, मदनसिंगकडे, बुद्धिबळ खेळायला जातो म्हणून घरातून निघत होता. एकदा तिने घरी पट मांडला, तर त्याला घोडा कसा चालतो ते आठवेना. ऊन लागलं असेल म्हणून तिने पट आवरून ठेवला होता. त्याच सुमारास त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पोळलेली दिसली. कंदिलाची काच लागली, असं तो म्हणाला होता.

तिने एकेक शक्यता घेऊन पाहिली. दुसरी बाई असेल, तर बोटं का पोळावीत? चोरून वाडी केली असेल, तर एक टरबूज तरी घरी का येऊ नये? कुठलंच उत्तर सगळ्या खुणांना पुरत नव्हतं. वर्गात अशा वेळी ती मुलींना सांगायची, एखादी गोष्ट पाहायची राहून गेली असेल, परत पाहा. तिने परत पाहिलं. पाच ठसे, आणि पाचही वर दिसणाऱ्या एका झोपडीकडे जाणारे.

पंजाबराव येऊन बाजूला उभा राहिला. त्याने ठसे पाहिले, तिच्याकडे पाहिलं, आणि सायकलच्या घंटीवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला.

"चाल," तो म्हणाला. "ऊन वाढून राह्यलं."

झोपडीपुढे एक म्हातारी चुलीत काड्या सारत होती. वाडी तिची होती. नवरा चंपत फळं घेऊन इंझोरीला गेला होता.

"आज उशीर केला बाबू," ती मान वर न करता म्हणाली. मग तिला कस्तुरा दिसली. "ह्या मास्तरीनबाई का? बसा माय. म्या गिरजा. तुमच्या मालकाच्या हाताले काही वळण नाही बरं. चार मोडते तवा एक भाकर उतरते. गावात शिकाची लाज वाटते म्हने. इथं कोन पाहाले येते?"

कस्तुरा बसली.

तिला अमरावतीच्या शिक्षक ट्रेनिंगचं बोलावणं तिसऱ्यांदा आलं होतं. एक वर्ष तिथे राहायचं, आणि परत आल्यावर वरच्या वर्गांना विज्ञान शिकवायचं. मागच्या दोन्ही वर्षी तिने 'घरची अडचण' असं लिहून नकार कळवला होता. घरात सासू नव्हती, नणंद नव्हती. कस्तुरा चार दिवस माहेरी गेली, तर पंजाबराव फुटाण्यांवर राहायचा. अडचण सगळ्यांना पटली होती. या वर्षीचं पत्र अंकगणिताच्या पुस्तकात होतं आणि शनिवारपर्यंत उत्तर पोचायला हवं होतं.

पंजाबरावने हात धुतले. काटवटीत ज्वारीचं पीठ घेतलं, पाणी घातलं, मळलं. थापताना भाकरीच्या कडा चिरू लागल्या. कस्तुराचा हात आपोआप पुढे झाला. तिने तो पदराखाली घेतला. भाकर उलटताना त्याची दोन बोटं तव्याला लागली; त्याने ती कानाच्या पाळीला धरली आणि पुन्हा तव्याकडे वळला.

एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने करपलेली ती भाकर त्याने कांदा-ठेच्यासोबत तिच्यापुढे ठेवली. गिरजाबाई टरबूज आणायला वाडीत उतरली.

"काहून सांगतलं नाही?" कस्तुराने विचारलं.

"सांगतलं असतं तं तू म्हनली असती, राहू द्या."

ती तसंच म्हणाली असती. जाऊ नको, असं तो दोन वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता. नकाराची दोन्ही पत्रं तिने त्याला न विचारताच टाकली होती.

ती भाकर खात राहिली. घर, शाळा, वर्षभराचा एकटेपणा, अनोळखी गाव, चौतिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसणं. एकेक मनात घेऊन तिने पाहिलं. त्यातलं काहीच आता 'घरची अडचण' म्हणून कागदावर लिहिता आलं नसतं. शेवटचा जाड तुकडा चावायला वेळ लागला.

"कशी झाली?" त्याने विचारलं.

"पाणी कमी पडलं," ती म्हणाली. ताटलीतला ठेचा तिने बोटाने पुसून घेतला. "मी अमरावतीले जातो."