एकवीस नंबरचा अर्ज

ओन्नीच्या प्रत्येक शर्टाला हेल्मीने आतून एक छोटा खिसा शिवला होता. त्यात अंगठ्याएवढी तपकिरी बाटली बसायची. छातीत कळ आली की तिच्यातली एक गोळी जिभेखाली ठेवायची, तीही लगेच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तीस वर्षं तांब्याच्या खाणीत काढलेला माणूस. खाण बंद झाली आणि दुसऱ्याच वर्षी त्याचं हृदय कुरकुरायला लागलं. तेव्हापासून त्या खिशावर हात ठेवून बघितल्याशिवाय हेल्मी त्याला घराबाहेर पडू देत नसे.

त्या शनिवारी सकाळी तुरुंगात जायला निघतानाही तिने त्याच्या छातीवर थापटून पाहिलं. बाटली होती.

तुरुंग नवाकोरा होता, एकही कैदी अजून आला नव्हता. खाणीनंतर आमच्या कॉपर रिजमध्ये कामधंदा म्हणून काही उरला नव्हता, त्यामुळे सरकारने गावाबाहेर तुरुंग बांधला तेव्हा लोकांनी चर्चमध्ये देवाचे आभार मानले होते. गावातलेच चाळीस जण पहारेकरी म्हणून उमेदवारीवर घेतले. आता त्यांना सराव हवा होता. पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर सांगितलं की शनिवारी नऊ ते पाच, साठ माणसं कैदी व्हायला हवीत. दुपारचं जेवण तुरुंगाकडून.

हेल्मीचा धाकटा भाऊ आर्वो बोलवायला घरी आला होता. तीन वर्षं बेकार होता बिचारा.

"या ना दोघंही. ओळखीचे चेहरे असले की मला धीर येईल. राजधानीहून तो व्हिटेकर आलाय शिकवायला. त्याने नापास केलं की मी पुन्हा घरी."

"तू मला कोंडणार?" हेल्मी हसली. "लहानपणी साखरेचे खडे चोरलेस की तुझे खिसे उलटे करून मीच तुला लाकडांच्या खोलीत कोंडायची."

"मग आता ते वसूल करतो की!"

घरात कोळी निघाला तरी कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस होता हा. हेल्मीला त्याची काळजीच वाटली, पहारेकरी म्हणून याला कोण घाबरणार.

सकाळी सगळे सहलीला जमल्यासारखे जमले. व्हिटेकर उंच होता, बोलायला गोड. त्याने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "इथल्या दारांच्या विजेच्या कुलपांच्या तारा अजून जोडलेल्या नाहीत. दारं नुसती दाखवायला आहेत. ज्याला नको वाटेल त्याने ढकलावं आणि घरी जावं. कुणी काही म्हणणार नाही." लोक हसले. कोण जाणार होतं?

मग पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. अंगावरचे कपडे कागदी पिशव्यांत गेले आणि नारिंगी सदरे-पायजमे मिळाले. हेल्मी एकवीस नंबर झाली. काचेपलीकडून ओन्नी दिसला. बाह्या बोटांच्या पुढे आलेल्या, सदऱ्याला खिसाच नाही. त्याने दोन्ही हात पसरून दाखवले आणि हसला. बाटलीही पिशवीत गेली होती. सांगितलं असेल त्याने, ती मनाशी म्हणाली. आत येताना भरून घेतलेल्या कागदावर औषधाची ओळ होती, तिनेही वाचली होती.

पहिला तासभर मजेत गेला. पोस्टातली मिल्ड्रेड आल्या आल्या ओरडली, "अहो साहेब, खिडकीला पडदे नाहीत का? आणि कॉफी कधी?" सगळ्या खिदळल्या, बायकांच्या बाजूला पहाऱ्यावर असलेला आर्वोही हसला. तेवढ्यात व्हिटेकर त्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. खालच्या आवाजात, हातातल्या कागदावर पेन्सिल आपटत. आर्वोचे कान लाल झाले.

परत आला तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता.

"जमिनीवर पिवळी रेषा दिसतेय? विचारल्याशिवाय कुणी ओलांडायची नाही. बोलायचं नाही. चौदा नंबर, भिंतीकडे तोंड करून उभी राहा."

"आर्वो, अरे माझे गुडघे..." मिल्ड्रेड म्हणाली.

"साहेब म्हणायचं."

मिल्ड्रेड अर्धा तास भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आधी तिचे खांदे हसण्याने हलत होते, मग थांबले. अकरा वाजेपर्यंत तीस बायकांत टाचणी पडली तर ऐकू येईल असं झालं होतं.

जेवणाच्या वेळी पुरुषांची रांग शेजारून गेली. ओन्नी जवळ आला तेव्हा हेल्मी ओठ न हलवता म्हणाली, "बाटली?"

"पिशवीत."

"सांगितलंस ना त्यांना?"

"मागे एवढी माणसं खोळंबली होती. 'नाही' लिहिलं. पाच वाजता मिळेलच की."

फिनलंडहून इथे आलेल्या आमच्या माणसांची ही जुनी खोड. जीव गेला तरी चालेल, पण आपल्यासाठी कुणी थांबता कामा नये. हेल्मीने रागाने ताट बाजूला सारलं. समोरच्या टेबलावर ओन्नी उजव्या हाताने डावा दंड चोळत होता. ती खूण तिला माहीत होती. अजून कळ आली नव्हती, पण वाटेवर होती.

ती उठली. "आर्वो, ऐक जरा..."

"एकवीस, बसून घ्या."

"अरे ओन्नीच्या गोळ्या..."

त्याने मागे पाहिलं. व्हिटेकर दारात उभा होता. "तक्रार लेखी द्या," आर्वो म्हणाला आणि एक छापील कागद पुढे सरकवला.

आणि हेल्मीने तो भरला! चाळीस वर्षं ज्याचं नाक पुसलं त्या भावाला तिने नीट वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. 'साहेबांस विनंती.' ओरडली असती तर व्हिटेकरच्या हातातली पेन्सिल कागदावर चालली असती, भावाची नोकरी गेली असती. असं तिने स्वतःला सांगितलं. आणखीही एक गोष्ट होती, तिला फार उशिरा कळलेली. ओरडायचं तिला सुचलंच नव्हतं.

एक वाजला, दीड वाजला. अर्जाचं काही नाही.

शेजारच्या कोठडीत चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी एल्ना होती, सत्तरीची. तिला भुकेने चक्कर येई, म्हणून घरची वेलदोड्याची गोड पावाची वडी तिने अस्तनीत लपवून आणली होती. हेल्मीला दिसली होती. आर्वो फेरी मारत आला तेव्हा हेल्मीच्या तोंडून निघून गेलं.

"साहेब, बावीस नंबरकडे खायचं आहे. अस्तनीत."

आपण काहीतरी दिलं की तोही काहीतरी देईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आर्वोने वडी काढून घेतली आणि एल्नाला टोकाच्या रिकाम्या कोठडीत नेलं. जाताना एल्ना हेल्मीकडे बघत होती. रागाने नाही, ओळख पटवत असल्यासारखी.

"ठीक आहे, एकवीस," आर्वो म्हणाला. बस, एवढंच.

दोन वाजता गिनती सुरू झाली. सगळ्यांनी आपापल्या दारात, रेषेच्या अलीकडे उभं राहायचं. आकडा जुळेना. पुन्हा पहिल्यापासून. टोकाच्या कोठडीतली एल्ना मोजायची राहत होती हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायची परवानगी कुणाला होती? तिसऱ्यांदा मोजत असताना पुरुषांच्या बाजूने बाक घसरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, "अरे, लाह्टी खाली पडला!"

ओन्नी लाह्टी.

"साहेब, माझा नवरा," हेल्मी म्हणाली.

"गिनती चालू आहे."

"साहेब, मी रेषा ओलांडू का?"

मिल्ड्रेड दात आवळून कुजबुजली, "गप्प बस गं. पुन्हा सगळ्यांना उभं करतील."

आर्वोच्या कपाळावर घाम होता. डाव्या हाताने तो सदऱ्याचा वरचा खिसा घट्ट धरून होता, आणि त्या पकडीखाली अंगठ्याएवढा फुगवटा हेल्मीला दिसला. त्याने अर्ज वाचला होता. पिशवीतून बाटली काढून आणली होती. गिनती सुरू झाल्यापासून ती त्याच्याजवळ होती, आणि गिनती जुळेपर्यंत जागा सोडायची परवानगी त्यालाही नव्हती. ओन्नीची कोठडी तिथून तीस पावलांवर होती.

मग हेल्मीने रेषा ओलांडली. लहानपणी साखरेच्या खड्यांसाठी घालायची तसा भावाच्या खिशात सरळ हात घातला. त्याने पकड सोडली. ती धावली. पुरुषांच्या बाजूला जाणारं दार ढकललं, ते नुसत्या हाताने उघडलं, कुठलाही आवाज न करता. सकाळी सांगितलं होतंच की.

ओन्नी भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, ओठ राखेसारखे. तिने गोळी त्याच्या जिभेखाली सारली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. भोवती पंधरा-वीस पुरुष आपापल्या दारात उभे होते, रेषेच्या अलीकडे, हात शिवणीला लावून. एकही पुढे आला नव्हता, त्यांचा पहारेकरीही नाही. खाणीत छत कोसळलं तेव्हा हेच लोक ओन्नीला खांद्यावर घेऊन वर आले होते.

हळूहळू ओठांचा रंग परतला. "सगळ्यांना खोळंबवलं मी," तो म्हणाला. हेल्मीने त्याच्या गालावर चापट मारली आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी त्याला आठवडाभर दवाखान्यात ठेवलं. आर्वो उमेदवारीतून पक्का झाला. त्याच्या कागदावर एकच शेरा होता म्हणे, एकवीस नंबरने रेषा ओलांडली.

हेल्मी वेलदोड्याचा पाव भाजून एल्नाकडे घेऊन गेली. एल्नाने तो हातात घेऊन हुंगला.

"उघड खाऊ का, की अस्तनीत घालू?"

"ये, बस," एल्ना म्हणाली. "कॉफी ठेवते. दार ढकल, उघडंच आहे." पण हेल्मी उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभी राहिली.

पुढच्या शनिवारी अंगणातला सौना, वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, तापवला होता. दर शनिवारी आर्वो यायचा, टॉवेल खांद्यावर टाकून सरळ आत शिरायचा. त्या दाराला कधी कडी नव्हतीच. त्या संध्याकाळी तो आला आणि दाराबाहेर थांबला. बर्फ भुरभुरत होतं. टॉवेल हातात, पाय जुळवलेले.

हेल्मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. उभा राहू दे, तिच्या मनात आलं. मीही रेषेच्या अलीकडे उभी होते. त्याचे खांदे पांढरे होत गेले आणि ती बघत राहिली. त्यात तिला बरं वाटत होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची नजर गेली, किती मिनिटं झाली ते बघायला. आणि ती दचकली.

चपलाही न घालता ती अंगणात धावली.

"अरे मूर्खा," ती ओरडली, "आत जा!"

"जाऊ?" आर्वोने विचारलं.