घासलेलं नाणं

"हे कोणी केलं हो?" सरांनी भिंग डोळ्यापासून दूर केलं.

मेजावरच्या मखमलीवर आठ रियालांचं जुनं स्पॅनिश नाणं नव्या चमच्यासारखं चकाकत होतं. दोन खांब, मधे मुकुटाखाली जगाचे दोन गोल, खाली समुद्राच्या लाटा. सगळं स्वच्छ, आणि सगळं मेलेलं. अडीचशे वर्षांत चांदीवर चढलेली काळसर निळी झाक साफ गेली होती.

घर चष्म्याच्या दुकानवाल्याचं, नाणंही त्या चष्मेवाल्याचंच. नाणेवाल्यांच्या बैठकीत नवशिक्यांना दम भरायचा तोच. "नाणं घासलंत तर याद राखा! तो काळेपणा म्हणजे त्याचं वय. ते पुसणारा संग्राहक नव्हे, भांडीवाला!" आणि आज बैठकीतले सगळ्यांत जाणते सर पहिल्यांदाच घरी येणार, साल जरा नीट दिसावं, म्हणून सकाळी त्यानेच चिमूटभर दंतमंजन घेतलं. एक अंक उजळला. मग शेजारचा मळकट वाटायला लागला. मग हात काही थांबेना.

"आमच्या हिचे प्रताप," तो म्हणून गेला. "पाहुणे येणार म्हटलं की दिसेल ते घासत सुटायचं."

बरोबर आलेले औषधांच्या दुकानाचे मालक खो खो हसले. "वहिनी, आवरा हो! उद्या यांचं टक्कल घासाल!"

आतला लाटण्याचा आवाज थांबला. बायको दारात आली, दोन्ही हात पिठाने पांढरे. तिने नाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो पंख्याकडे बघत होता. त्याच्या नाण्यांच्या पेटीला तिने कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. वरची धूळही लांबून फुंकायची.

"चुकलंच माझं," ती सरांना म्हणाली. "चकचकीत दिसलं की बरं वाटतं मेलं." मग नवऱ्याकडे वळून, "चहा झालाय. तुम्हीच द्या हो आणून, माझे हात भरलेत."

त्याने चहा आणला, सरांपुढे कप धरला. बशीच्या पांढऱ्या कडेवर त्याचा अंगठा होता. नखाच्या कडेला आणि पेरांच्या रेघांत घासलेल्या चांदीची काजळी अजून बसलेली. ती दिसायला भिंगाची गरज नव्हती.

सरांनी मान वर केली नाही. हळूच कप घेतला.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्हीही बसा ना आमच्यात."

"बसते की. हात धुऊन आले."

आत नळ बराच वेळ वाहत राहिला. चष्मेवाला अंगठा मुठीत धरून तसाच उभा होता.